बीएस्सी करून कुंड्यांना पाणी घालायचं का?

"घरात शेण-माती काय कमी हाय? त्यासाठी बीएस्सी कशाला पायजे होती?"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातले शेतकरी मुलीला घेऊन समुपदेशनाला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलून मोकळे झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. ऑक्टोबरपासून तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जिल्ह्याबाहेरच्या एका वनस्पती उद्यानात गेलेली. सातव्या आठवड्यात बॅग भरून घरी आली आणि परत जायचं नाही म्हणून बसली.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक हीच शंका वेगवेगळ्या शब्दांत काढतात: उद्यानातली इंटर्नशिप म्हणजे फुकटचं माळीकाम. वडिलांना सरळ सांगितलं, माळीकाम आहेच. दिवसाचे चार-पाच तास पाणी, खुरपणी, कुंड्या बदलणं, लेबलं पुसणं यातच जातात. ज्या उद्यानात विद्यार्थ्याला मातीत हात घालू देत नाहीत, नुसतं फिरवून प्रमाणपत्र देतात, तिथे पाठवू नका. तिथून मूल फोटो घेऊन येतं, बाकी काही नाही.

पण मुलगी पळून आली ती कामाला कंटाळून नव्हे. वडील चहाला बाहेर गेल्यावर ते निघालं.

तिच्याकडे कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, 24 कुंड्या सोपवल्या होत्या. सह्याद्रीत या वेलींच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पावसाळ्यात वेल चढतो, फुलतो, पाऊस सरला की वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीतला कंद तेवढा जिवंत राहतो. ऑक्टोबरच्या शेवटी वेल पिवळे पडायला लागले. हिला वाटलं पाणी कमी पडतंय. एक दिवसाआड पाणी सुरू केलं. अजून वाळले, मग रोज. नोव्हेंबरच्या मध्याला एका कुंडीतून आंबूस वास आला, उकरून बघितलं तर कंद बोटानं दाबला जात होता. असे एकूण नऊ कंद गेले. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे तिला जास्तच लागलं.

यात तिची चूक होतीच, पण ती का झाली ते समजून घेण्यासारखं आहे. पान नाही म्हणजे कंदाला पाणी वर ओढायचं कामच नाही. घातलेलं पाणी कुंडीत तसंच राहतं, मातीतली हवा संपते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वेल वाळायला लागला की पाणी हळूहळू तोडायचं, आठवड्याभरात पूर्ण बंद. कुंडी पावसाच्या सडाक्यापासून लांब, कोरड्या सावलीत आडवी ठेवायची. आडवी का, तर उभ्या कुंडीला येणाराजाणारा सवयीनं पाणी घालतो! रिकामी दिसणारी कुंडी कुणी ओतून टाकू नये म्हणून वर ठळक चिठ्ठी लावायची. कंद मऊ पडायला नुकती सुरुवात असेल तर कुजका भाग स्वच्छ पातीनं कापायचा, कापाला बुरशीनाशकाची भुकटी लावायची, सावलीत चार-पाच दिवस सुकवायचा आणि कोरड्या वाळूत ठेवायचा. निम्मा कंद गेला असेल तर मात्र आशा सोडावी.

"गेलेल्या नऊ कुंड्यांचे नंबर कोणते?" असं विचारल्यावर ती गप्प झाली. वहीत रोजची तारीख होती आणि पुढे "पाणी घातलं" एवढंच.

समुपदेशन इथून सुरू झालं म्हणायचं. वनस्पती उद्यान आणि नर्सरी यांत फरक रजिस्टरचा आहे. उद्यानात आलेल्या प्रत्येक झाडाला अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे उद्यानाच्या रजिस्टरातला नोंदणी क्रमांक, मिळतो, आणि त्यापुढे कुठून आणलं, कधी, कुणी, रानातून की लागवडीतून, अक्षांश-रेखांश, शेजारी काय उगवलं होतं, हे सगळं लिहिलेलं असतं. लेबल हरवलं की दुर्मीळ झाडसुद्धा संवर्धनाच्या दृष्टीनं शोभेचं होऊन बसतं, कारण ते कुठल्या डोंगरावरचं हे सांगता येत नाही. एकाच वेलीच्या बियांपासून शंभर रोपं केली तरी ती सगळी एका आईची. रानातलं वैविध्य बऱ्यापैकी पकडायचं तर बी सुमारे 50 वेगवेगळ्या झाडांवरून घ्यावं, असा दंडक आहे. आणि भीमगड अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही. आपल्याच गावचं रान असलं तरी नाही.

तिला एवढंच काम दिलं: परत जा, माफी मागत बसू नकोस, नऊ नंबर शोध आणि प्रत्येकापुढे कुंडीचा आकार, मातीचं मिश्रण, बाकावरची जागा लिही. दहा दिवसांनी फोन आला. नऊपैकी सात कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त होतं. लाल माती आणि जाड वाळूच्या मिश्रणातल्या कुंड्यांना तेवढंच पाणी मिळूनही बहुतेक कंद टणक होते. कॉलेजला द्यायच्या अहवालाचा विषय तिला तिथे मिळाला, आणि मार्गदर्शकांनीही तो मान्य केला.

भाषेची एक धास्ती होती, ती लवकर गेली. बाजारापुरतं कन्नड येत होतं, उद्यानातले जुने माळी मात्र भरभर बोलायचे. नीरु (पाणी), मण्णु (माती), बेरु (मूळ), एले (पान), गिडा (रोप) एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. बीज तर दोन्हीकडे बीजच, आणि गोब्बर म्हटल्यावर शेणखत आठवायला शिकवणी लागत नाही. शास्त्रीय नावं सगळ्यांना सारखीच अवघड.

वडिलांचं समाधान कंदीलपुष्पानं होणार नव्हतं, त्यांच्याशी भिरंडाबद्दल, म्हणजे कोकमाबद्दल, बोलावं लागलं. बांधावर कोकमाची आठ झाडं, पैकी चारांना कधी फळच धरलं नाही. "खत कमी पडलं असंल." खताचा संबंध नाही. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावलं तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून चांगल्या फळणाऱ्या मादी झाडाच्या काडीचं कोवळ्या रोपावर मृदुकाष्ठ (मऊ, कोवळ्या खोडावरचं) कलम बांधतात. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची घेतली तर झाड उंच न होता पसरत जातं. खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या, रोपासाठी बी घ्यायचं तेही ताजं. कोकमाचं बी भातासारखं वाळवून कणगीत ठेवलं तर मरतं, फळातून काढल्यावर धुऊन थोड्याच दिवसांत पेरावं लागतं. मुलीला हे सगळं उद्यानात हातानं करायला मिळणार आहे, असं सांगितल्यावर ते पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "कलम बांधाय शिकवत्यात तिथं?"

जागा निवडताना पालकांनी काय विचारावं, हेही त्यांनी नंतर विचारलं. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रोजचे तास आणि देखरेख करणाऱ्याचं नाव असलेलं पत्र मिळतं का. विद्यार्थ्याच्या नावावर ठरावीक कुंड्या किंवा वाफा देतात का, आणि रजिस्टर बघू देतात का. विद्यावेतन अनेक ठिकाणी नसतं, तेव्हा राहण्या-जेवणाचा खर्च आधीच धरावा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जावं, पालापाचोळ्यात काम करताना गमबूट घालावेत. फवारणीला उभं केलं आणि मास्क-हातमोजे दिले नाहीत तर नाही म्हणावं. याबाबत मुलं फार भिडस्त असतात. ज्यांना पुढे बागायतीचीच पदवी हवी आहे त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात, गोकाकजवळ अरभावीला बागायत महाविद्यालय आहे, ते आधी बघून यावं.

तिच्या उरलेल्या पंधरा कुंड्या आता शेडच्या कोपऱ्यात आडव्या आहेत. प्रत्येकीवर अ‍ॅक्सेशन नंबर आणि खाली तिच्या अक्षरात "नीरु बेडा", म्हणजे पाणी नको. मेअखेरीस वळीव झाले की त्या उभ्या करून पहिलं पाणी द्यायचं. तोवर तिची इंटर्नशिप संपलेली असेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस येऊन कोंब मोजायची परवानगी तिनं आत्ताच मागून ठेवली आहे.