न्यूयॉर्कमधील स्थलांतरित शिवणकामगारांची पिळवणूक १९११ च्या आगीमुळे थांबली का?

थांबली नाही, मात्र कायद्याला तिची दखल घेणे भाग पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले लोक राहत्या खोलीतच कपडे शिवत. मुकादम कारखानदाराकडून बेतलेले कापड आणून नगावर मजुरी देई आणि दरातील फरक स्वतःच्या खिशात टाकी. पुढे मोठे कारखाने उभे राहिले, तरी मुकादमी सुटली नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये क्लारा लेमलिच या तरुणीने भर सभेत यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेत संपाची हाक दिली आणि सुमारे २०,००० कामगार, बहुतांशी मुली, रस्त्यावर उतरल्या. ट्रँगल या बायकांचे ब्लाऊज शिवणाऱ्या कंपनीने मात्र कामगार संघटनेला मान्यता दिली नाही.

त्याच कंपनीत २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटण्याच्या सुमारास आग लागली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते, कारण बाहेर पडताना मुलींच्या पिशव्या तपासता याव्यात. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. १४६ जण मेले. मालक निर्दोष सुटले, कारण दार बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते हे ज्युरीला पटले नाही. (कुलूप मग कोणी लावले, हा प्रश्न उरतोच.)

त्यानंतर राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगामुळे बाहेर जाण्याची दारे, पाण्याचे फवारे, कामाचे तास यांविषयी ३० हून अधिक कायदे झाले. ही आग प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, आणि १९३८ मध्ये किमान वेतनाचा संघीय कायदा आला.