तुझ्या तक्त्यात नसलेले रकाने

अनेक आशीर्वाद.

परदेशात पदवी कुठे घ्यावी यासाठी तू पाठवलेला तक्ता नीट पाहिला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि प्रत्येकापुढे चार रकाने: फी, राहण्याचा खर्च, जागतिक क्रमांक, शिक्षणानंतर काम करायची मुदत. स्कॉटलंड वेगळं धरलंस हे फार बरं केलंस, बरेच जण तिथेच घसरतात. पण या तक्त्यावरून कुठे जाणं परवडेल एवढंच कळतं. तिथे गेल्यावर ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी तू काय करत असशील, ते कळत नाही. त्यासाठी आणखी काही रकाने आखावे लागतील.

पहिला रकाना: विषय कधी पक्का होतो? तुला जीवशास्त्र आवडतं आणि अर्थशास्त्रही खुणावतंय, म्हणून तुझ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. इंग्लंडमध्ये विषय अर्ज भरतानाच ठरतो. पदवी तीन वर्षांची, दरवर्षी १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप), एकूण ३६०, आणि त्यातली जवळपास सगळी त्याच विषयाची. यूकास म्हणजे तिथल्या विद्यापीठांची सामाईक अर्जव्यवस्था. तिच्या एका अर्जात पाच जागा मागता येतात, पण स्वतःबद्दलचं निवेदन पाचही ठिकाणी तेच जातं. त्यामुळे दोन ठिकाणी जीवशास्त्र आणि तीन ठिकाणी अर्थशास्त्र असा अर्ज केलास, तर वाचणारा पहिल्या परिच्छेदातच ओळखतो की हिचं ठरलेलं नाही. तिथे गेल्यावर विषय बदलायचा म्हणजे बहुधा पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

स्कॉटलंडची पदवी चार वर्षांची, ४८० क्रेडिटची. पहिल्या वर्षी साधारण तीन विषय घेता येतात आणि मुख्य विषयाचा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत लांबवता येतो. मात्र विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं या दोन शाखांमध्ये किती मोकळेपणानं ये-जा करू देतात, ते विद्यापीठागणिक बदलतं, तेव्हा ते आधी विचारून घे. एक गंमत म्हणजे एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज, अ‍ॅबर्डीन या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची पहिलीच पदवी एमए म्हणून मिळते. आपल्याकडे ते नाव पाहून कुणी पदव्युत्तर समजलं, तर समजावत बसावं लागतं.

अमेरिकेत चार वर्षं आणि साधारण १२० क्रेडिट. आकडा इंग्लंडच्या एका वर्षाइतका दिसतो, पण ते क्रेडिटच वेगळं आहे, त्याचा हिशेब पुढे करू. ढोबळ मानानं एक तृतीयांश सर्वसाधारण विषय, एक तृतीयांश मुख्य विषय, उरलेले तुझ्या मर्जीचे. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा, आणि जीवशास्त्र व अर्थशास्त्र दोन्ही मुख्य म्हणून घेण्याचीही सोय असते. पण हा मोकळेपणा सरसकट नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठांत संगणकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगला आधी प्रवेश घेतला नसेल, तर नंतर आत शिरणं फार अवघड. ‘आधी काहीही घेऊ, मग बदलू’ हा सल्ला त्या दोन विषयांना लागू पडत नाही.

कॅनडा बाहेरून अमेरिकेसारखा वाटतो, पण तिथे शिक्षण हा प्रांतांचा विषय. केंद्रात शिक्षण मंत्रालयच नाही. क्वेबेक प्रांतातली मुलं अकरावीनंतर दोन वर्षं सेजेप, म्हणजे विद्यापीठाआधीचं कॉलेज, करतात, म्हणून त्यांची पदवी तीन वर्षांची. बाकी बहुतेक ठिकाणी ऑनर्स चार वर्षांचं. टोरोंटो विद्यापीठात पहिल्या वर्षी व्यापक गटात प्रवेश मिळतो, आणि मुख्य विषयासाठी त्या वर्षाच्या गुणांवर पुन्हा निवड होते. म्हणजे प्रवेश मिळाला तरी हव्या त्या विषयाचं दार अजून उघडायचं असतं. हे प्रवेशपत्रात लिहिलेलं असतं, पण आनंदाच्या भरात कुणी वाचत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये साधी पदवी तीन वर्षांची. तिथे ऑनर्स हा शब्द जपून वाच. इंग्लंडमध्ये तो त्याच तीन वर्षांत येतो. ऑस्ट्रेलियात तो बहुधा चौथ्या, वेगळ्या वर्षाचा असतो, त्यात संशोधनाचा प्रबंध लिहायचा आणि चांगला वर्ग मिळाला तर थेट पीएचडीला जाता येतं. इंजिनिअरिंगसारख्या पदव्यांत तो चार वर्षांतच गुंफलेला असतो. मेलबर्न विद्यापीठानं २००८ पासून आधी व्यापक पदवी आणि मग व्यावसायिक शिक्षण अशी अमेरिकेच्या वळणाची मांडणी घेतली, त्यामुळे त्याच देशातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी तुलना करतानाही वर्षं मोजून बघ. आयर्लंड तीन किंवा चार वर्षांचं, वर्षाला युरोपीय पद्धतीची ६० क्रेडिट, आणि गुणांचे वर्ग इंग्लंडसारखेच.

दुसरा रकाना: आठवडा कसा जातो? इंग्लंडमध्ये १ क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम. २० क्रेडिटचं एक मॉड्यूल, म्हणजे एक विषय, म्हणजे २०० तास, आणि त्यात वर्गात बसायचे कदाचित ३०-४०च. उरलेले १६० तास तुझे तू, वाचनाच्या यादीसोबत. एका सत्रात अशी तीन मॉड्यूल, म्हणजे ६०० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०. अमेरिकेत १ क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर साधारण दोन. पंधरा क्रेडिट घेतलीस की ४५ तास. कामाचा भार दोन्हीकडे जवळपास तेवढाच, वाटणी मात्र अगदी निराळी.

समज, अर्थशास्त्राचा एकच विषय दोन्हीकडे घेतलास. इंग्लंडमध्ये २५०० शब्दांचा निबंध ४० टक्के आणि दोन तासांची परीक्षा ६० टक्के, इतकंच. डिसेंबरपर्यंत तुला कुणी काही विचारणार नाही. अमेरिकेत दर आठवड्याचा गृहपाठ २० टक्के, दोन मिडटर्म २० आणि २०, प्रकल्प १०, अंतिम परीक्षा ३०. तिथे तिसऱ्याच आठवड्यात आपलं काय चाललंय ते कळतं. आता हे कोणाला मानवतं ते बघ. शेवटच्या महिन्यात अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसायची ज्याची सवय मोडलेली नाही, त्याला इंग्लंड फार गोड वाटतं, जानेवारीपर्यंत. आणि रोज थोडं थोडं मोजलं गेलं की जो घुसमटतो, त्याचा अमेरिकेत जीव जातो.

याच रकान्यात आणखी एक गोष्ट टिपून ठेव. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी पदवीच्या वर्गात धरत नाहीत, ४० मिळवून पास व्हायचं. अमेरिकेत पहिल्या सत्रातली ‘सी’ चार वर्षं जीपीएला, म्हणजे एकूण सरासरीला, चिकटून राहते. घरापासून पहिल्यांदा दूर, थंडी, नवं जेवण, भाषेचा सूर पकडायला लागलेले तीन महिने, या सगळ्याचा हिशेब अमेरिका मांडते आणि इंग्लंड सोडून देतं. मात्र दुसऱ्या वर्षी प्लेसमेंटसाठी, म्हणजे पदवीच्या दरम्यान कंपनीत काम करण्यासाठी, कंपन्या पहिल्या वर्षाचेच गुण मागतात, तेव्हा फार सैल सोडू नकोस.

तिसरा रकाना: ७२ म्हणजे किती? इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये ७० च्या वर फर्स्ट, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग, म्हणजे ७२ आले तर घरी फोन करून पेढे वाटायला सांग. सिडनीत ७२ म्हणजे क्रेडिट नावाचा वर्ग (वरच्या क्रेडिटशी त्याचा संबंध नाही), डिस्टिंक्शन ७५ पासून आणि हाय डिस्टिंक्शन ८५ पासून. टोरोंटोत ७२ म्हणजे बी मायनस. अमेरिकेच्या नेहमीच्या मोजपट्टीवर सी मायनस, म्हणजे पालकांना कळू नये असं वाटण्याजोगं. हुशारी तीच, फरक गुण देण्याच्या सवयीचा. इंग्लंडमध्ये निबंधाला ८० च्या वर जाणं दुर्मीळ, गणितात मात्र ९० सुद्धा मिळतात. दहावीला ९४ टक्के पडलेल्या मुलीला पहिल्या निबंधात ६२ दिसतात आणि ती रडते. ते ६२ म्हणजे अपर सेकंड, पुढच्या शिक्षणाला आणि बऱ्याच नोकऱ्यांना पुरेसा वर्ग.

गुण देतो कोण, हेही बघ. अमेरिकेत बहुधा जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि गुणही तोच ठरवतो. म्हणून त्याच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळी, जाणं ही तिथे हांजी हांजी नव्हे, शिकण्याचाच भाग आहे, न जाणाराच मूर्ख ठरतो. इंग्लंडमध्ये उत्तरपत्रिकेवर बहुधा नाव नसतं, दुसरा शिक्षक नमुना म्हणून काही पेपर पुन्हा पाहतो आणि बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक सगळ्यावर नजर ठेवतो. आपल्याकडची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन ही वाट मात्र तिथे विसर. गुण कमी वाटले म्हणून अपील करता येत नाही. प्रक्रिया चुकली असेल, तरच.

चौथा रकाना, जो कुणीच भरत नाही: नापास झालं तर? इंग्लंडमध्ये फेरपरीक्षा मिळते, पण कितीही चांगला पेपर लिहिलास तरी पदवीला सहसा ४० च धरतात. निबंध उशिरा दिला तर बऱ्याच ठिकाणी दिवसाला ५ किंवा १० गुण कापतात. आजारी असशील तर मुदतीच्या आधी कागद द्यायचा, नंतर सांगितलेलं आजारपण सहसा कुणी ऐकत नाही. अमेरिकेत सहसा फेरपरीक्षा नसते. विषय पुन्हा घ्यायचा, पुन्हा पैसे भरायचे, आणि बहुधा दोन्ही नोंदी गुणपत्रकावर राहतात. विषय मध्येच सोडायची मुदत असते, पण विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलीला सत्राला किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. पाच विषय घेतलेस, एक सोडलास की बरोबर १२. दुसरा सोडायच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची. न विचारता सोडलास तर अडचण अभ्यासाची राहत नाही, व्हिसाची होते.

ऑस्ट्रेलियात सेन्सस डेट नावाची तारीख असते, तिच्याआधी विषय सोडला तर नोंद राहत नाही. तिथे हर्डल हाही प्रकार आहे: एकूण गुण ५८ झाले, पण अंतिम परीक्षेत ठरवलेली किमान पातळी गाठली नाही, तर नापास. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात तो शब्द शोधायचाच.

आता काही शब्द, जे प्रवासात अर्थ बदलतात. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये कोर्स म्हणजे बहुधा अख्खी पदवी, अमेरिकेत एक विषय. प्रोफेसर अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक शिक्षक, इंग्लंडमध्ये मोजकेच वरिष्ठ. आणि कॉलेज. अमेरिकेत विद्यापीठालाही कॉलेज म्हणतात, पण कॅनडात कॉलेज ही डिप्लोमा आणि सर्टिफिकेट देणारी निराळी संस्था. तिथलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे मास्टर्स नव्हे, नावात ग्रॅज्युएट असलं तरी. आपल्याकडच्या एजंटांची बरीचशी चलाखी या एका शब्दावर चालते. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात चालवला जातो, तिथे नव्यानं शिकायला लागणाऱ्यांना मे २०२४ पासून शिक्षणानंतरचा कामाचा परवाना मिळत नाही. तुझ्या तक्त्यातला मुदतीचा रकाना अशा ठिकाणी शून्य धरायचा. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा एजंटाच्या माहितीपत्रकावर नको, सरकारच्या संकेतस्थळावर तारीख बघून लिही.

परत यायचं मनात असेल तर एक टीप: इंग्लंडची एका वर्षाची मास्टर्स भारतात मान्य होण्यासाठी दोन्ही देशांत २०२२ मध्ये करार झाला. वैद्यकीय, इंजिनिअरिंग, कायदा, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्या त्यात धरलेल्या नाहीत.

शेवटी वेळापत्रक. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज (दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही), आणि वैद्यकीय शिक्षण यांची मुदत १५ ऑक्टोबर. इंग्लंडमधल्या बाकीच्यांची जानेवारीत. अमेरिकेतल्या लवकरच्या फेऱ्या साधारण १ नोव्हेंबरला, नेहमीच्या जानेवारीच्या सुरुवातीला. त्यातली अर्ली डिसिजन बांधील असते: प्रवेश मिळाला तर जायचंच, म्हणून फीचं गणित पक्कं झाल्याशिवाय ती खूण करायची नाही. ऑस्ट्रेलियाचं वर्ष फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं आणि तुझा बारावीचा निकाल मेमध्ये. जुलैचा प्रवेश मिळतो, पण पायाभूत विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील तर पुढची साखळी सरकते आणि तीन वर्षांची साडेतीन होतात. अर्जाच्या आधी त्यांच्याकडून जुलैचा सत्रनिहाय आराखडा मागवून घे.

राज्य मंडळाची बारावी सरळ पहिल्या वर्षाला चालते का, हेही प्रत्येक ठिकाणी विचार. काही विद्यापीठं आधी एक फाउंडेशन वर्ष करायला लावतात, म्हणजे इंग्लंडची तीन वर्षं चार झाली आणि स्कॉटलंडशी केलेली तुझी खर्चाची तुलनाच उलटली. यूकासला शिक्षकाचं शिफारसपत्र आणि बारावीच्या गुणांचा अंदाज लागतो. एका वर्गात १२० मुलं असलेल्या ज्युनिअर कॉलेजात सरांना तुझा चेहरा तरी आठवावा, म्हणून आत्तापासून त्यांना भेटत राहा. अमेरिकेला नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण हवे असतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे क्लासला वाहिलेलं वर्ष, इंटिग्रेटेडवाल्यांना तर आपलं कॉलेज कुठल्या गल्लीत आहे तेही ठाऊक नसतं. ते गुण तिथे कुणीतरी खरोखर वाचतं.

आता एवढं कर. प्रत्येक देशातून एकच विद्यापीठ घे, पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या एका मॉड्यूलचं माहितीपत्रक उतरवून घे, आणि त्यात परीक्षेचा वाटा, उशिराचा दंड आणि नापासाचा नियम यांखाली रेघ मारून मला पाठव. सातांपैकी तिघांत हे सापडणार नाही, त्यांना ईमेल कर, उत्तर किती दिवसांत येतं तेही लिहून ठेव. आणि नववीची गुणपत्रिका आजच शोध. बहुधा आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये असेल.