कोकणातील जुना जांभ्याचा वाडा आलिशान हॉटेल करताना त्याचे मूळ रूप कसे जपावे?

राजापूरजवळचा आपला सव्वाशे वर्षांचा चौसोपी वाडा हॉटेलसाठी दुरुस्त करायचा असून, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि माडीवर प्रत्येक खोलीला लागून स्नानगृह असा प्रस्ताव ठेकेदाराने दिला आहे, तो स्वीकारावा का, असे आपण विचारले आहे. मी आर्किटेक्ट असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. या दोन्ही गोष्टी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाळाभर तो जमिनीतून आणि झडीतून पाणी शोषतो आणि उघाडी मिळाली की ते हळूहळू बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा अडवत नाही. सिमेंटच्या थराने मात्र ती वाट बंद होते, ओल भिंतीच्या आतूनच वर चढते, तुळयांच्या भिंतीत रोवलेल्या टोकांपर्यंत पोहोचते, आणि तेथे लाकूड कुजू लागले की पाठोपाठ वाळवी येते. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि चार-पाच वर्षांत त्याचे पोपडे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचा, पृष्ठभाग सोबत घेऊन गळतात. म्हणून चुना भिजवून मुरवण्यासाठी लागणारे आठवडे वेळापत्रकात आधीच धरावेत आणि चुन्याचे काम खरोखर केलेला गवंडी शोधावा. असे गवंडी आता थोडे उरले आहेत, तेव्हा त्यांच्या हाताखाली दोन तरुण शिकायला ठेवता आले तर अवश्य ठेवावेत. दुरुस्तीसाठी चिऱ्यांत साध्या लोखंडी सळ्याही घालू नयेत, कारण खाऱ्या हवेत त्या गंजून फुगतात आणि चिरा फोडतात.

स्नानगृहांबाबत मी स्वतः एकदा चूक केली आहे. मालकांच्या आग्रहाला मान देऊन मी एका माडीवर, लाकडी तक्तपोशीच्या, म्हणजे खालच्या खोलीच्या फळ्यांच्या छताच्या, वर दोन स्नानगृहे बसवली होती. जलरोधक थर उत्तम होता, पण नळाच्या एका सांध्यातून झिरपलेले पाणी कोणाला दिसलेच नाही आणि तिसऱ्या वर्षी खालच्या माजघरावरची तुळई बदलावी लागली. फणसाची तेवढ्या लांबीची आणि जाडीची तुळई मिळवताना आमची फार दमछाक झाली. तेव्हापासून मी स्नानगृहांसाठी मागील पडवीच्या बाजूला, जमिनीवर, स्वतंत्र पायाचे बांधकाम सुचवतो. त्यामुळे खोल्या दहांऐवजी सहाच होतील, पण पाहुणा जे भाडे देतो ते उंच छप्पर, रुंद ओटी आणि चौकातला उजेड यांसाठीच देतो, असा माझा अनुभव आहे.

वातानुकूलन करायचेच असेल तर ते थोड्या खोल्यांपुरते ठेवावे. गार खोलीच्या तक्तपोशीवर माळ्यातली दमट हवा निवून पाणी धरते आणि फळ्यांना वरून बुरशी येते, जी खालून दिसत नाही.

परवानग्यांत सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती सर्वांत आधी घ्यावी. किनारा किंवा खाडी जवळ असल्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात का ते पाहावे, आणि केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक जवळ असल्यास त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, हे लक्षात घेऊन मागील स्नानगृहांची आखणी करावी.

नमुने पाहायचे असतील तर सावंतवाडीला जावे. तेथे राजघराण्यानेच राजवाड्याच्या आवारात हॉटेल सुरू केले आहे आणि दरबार हॉलमध्ये कारागीर आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक गोल पत्ते, हाताने रंगवतात. तेरेखोलच्या किल्ल्यातही हॉटेल झाले, तरी आतले सेंट अँथनीचे चर्च आपल्या जागी उभे आहे. आपल्या अंगणात शिमग्याची पालखी येत असेल, तर ते अंगण गाड्या उभ्या करण्यासाठी देऊ नये आणि ही अट हॉटेल चालवणाऱ्यांशी होणाऱ्या करारात लिहून घ्यावी.

नकाशा मात्र आत्ताच काढून घेऊ नका. येत्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी वाड्यात फिरा, भिंतींवर ओल कोठवर चढते तेथे तारखेसह खडूने खूण करा, कोणत्या कौलांखाली गळते आणि पागोळ्यांचे पाणी कोठे साचते ते टिपून ठेवा, आणि ते टिपण आर्किटेक्टच्या हाती देऊनच कामाला सुरुवात करा.