खो-खोचा तास घेणाऱ्या नव्या शिक्षकास

तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की मुले खेळाला नव्हे, ताटकळत राहण्याला कंटाळतात. चाळीस जणांच्या वर्गासाठी एकच मैदान आखले, तर बसलेले ८, पाठलाग करणारा १ आणि ३ संरक्षक वगळून २८ मुले नुसती बघत राहतात. त्यापेक्षा चुन्याने तीन लहान मैदाने आखावीत.

शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली अध्यापनशैलींची जी श्रेणी मांडली, तिच्या एका टोकाला शिक्षकाची आज्ञा आहे आणि दुसऱ्या टोकाकडे विद्यार्थ्याचा स्वतःचा शोध. सूर मारणे आज्ञेनेच, मऊ मातीवर, टप्प्याटप्प्याने शिकवावे, कारण तेथे दुखापतीचा धोका असतो. परंतु एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नसताना ‘खो’ नेमका केव्हा द्यावा, हे मुलांनाच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. ती चुकतील, पण पुढच्या डावात स्वतःच सुधारतील.

संघनिवड मात्र कर्णधारांवर सोपवू नका. मी अनेक वर्षे तसे केले आणि शेवटी उरणारी तीच दोन-तीन मुले हळूहळू तासाला आजारी पडू लागली, हे मला फार उशिरा उमगले.