मोटोक्रॉसच्या मैदानात मुलींची शर्यत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात बेळगावजवळ भरलेल्या मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरील मोटरसायकलच्या, शर्यतींना मी पुतण्यांना घेऊन गेलो होतो. मुख्य शर्यतींच्या अधेमधे महिलांची शर्यत ठेवली होती. त्यात पाचच स्पर्धक होत्या आणि पहिल्या दोघींच्या मागे बाकीच्या इतक्या रखडल्या की लोक चहाला उठले. मुलींनी गाडी चालवू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु तिकीट काढून आलेला प्रेक्षक सर्वांत वेगवान स्वार पाहायला येतो आणि आयोजकांच्या हाती दिवस एकच असतो. मग महिलांची स्पर्धा वेगळी भरवावी, व्यावसायिक स्पर्धेत त्यांचा वर्ग कशासाठी? त्या खरोखर तोडीस तोड असतील, तर त्यांनी पुरुषांच्याच वर्गात उतरावे. आपले मत कळवावे. — एक वाचक, निपाणी

उत्तर : लोक चहाला उठले, ही आपल्या पत्रातील गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिथूनच मी सुरुवात करते.

आपल्याच भागातील अशा एका शर्यतीत मी धोक्याची सूचना देणारा पिवळा झेंडा घेऊन एका वळणावर मार्शल म्हणून उभी होते. सकाळी गाड्यांची तपासणी लांबली, तेव्हा वेळ भरून काढण्यासाठी मुलींचा सराव रद्द करण्यात आला. दुपारपर्यंत पुरुषांच्या शर्यतींनी तांबड्या मातीत गुडघ्याला लागतील अशा चाकोऱ्या पाडल्या होत्या. धूळ बसावी म्हणून टँकरने त्यांवर पाणी मारले आणि ती माती चाकांना चिखलासारखी धरू लागली असतानाच महिलांच्या शर्यतीचे सुरुवातीचे गेट पडले. माझ्यासमोरच्या वळणावर एक मुलगी पहिल्याच फेरीत चाकोरीत अडकून पडली. तिने शंभर किलोंची गाडी एकटीने उभी केली, हातमोज्याने गॉगल पुसला, किक मारली आणि शेवटची का होईना, पण शर्यत पूर्ण केली. निवेदक त्या वेळी कन्नड आणि मराठीत बक्षीस देणाऱ्यांची नावे वाचत होता. प्रेक्षकांना या मुलीचे नावच कोणी सांगितले नाही, तर त्यांनी चहा सोडून तिच्यासाठी का थांबावे? आपल्याला दिसलेला संथपणा खरा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु त्यातील किती त्या मुलींचा होता आणि किती वेळापत्रकाचा, हे वेगळे काढल्याशिवाय त्यांचा वर्गच काढून टाकणे मला न्यायाचे वाटत नाही.

वेगळी स्पर्धा भरवावी, हा आपला उपाय वरवर सोयीचा दिसतो. परंतु मोटोक्रॉसचा खरा खर्च ट्रॅकचा आहे. जमीन, जेसीबी, पाणी, रुग्णवाहिका, डॉक्टर, मार्शल आणि विमा यांवरचा खर्च पाच स्पर्धकांसाठीही जवळपास तेवढाच येतो. म्हणून महिलांची वेगळी स्पर्धा एखाद्या वर्षी उत्साहाने भरते आणि पुढच्या वर्षी पुरस्कर्त्याअभावी बंद पडते. मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, म्हणजे एफआयएमने, हा धडा लवकर घेतला. तिची महिला मोटोक्रॉस मालिका 2005 मध्ये विश्वचषक म्हणून सुरू झाली, 2008 पासून तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला आणि तिच्या फेऱ्या पुरुषांच्या जागतिक शर्यतींबरोबर (ग्रांप्रीबरोबर) त्याच ट्रॅकवर होत आल्या आहेत. या सलगपणामुळेच इटलीच्या किआरा फाँटानेसीला सहा अजिंक्यपदांपर्यंत पोहोचता आले आणि न्यूझीलंडच्या कोर्टनी डंकनला दुखापतींमध्ये हंगाम गमावूनही परत येऊन चार वेळा जिंकता आले. नेदरलँड्सची लोटे व्हान ड्रुनेन 2024 मध्ये विजेती ठरली, तेव्हा ती विशीचीही नव्हती. लहानपणापासून तिच्यासमोर जायचे ठिकाण ठरलेले होते.

अमेरिकेत उलटे घडले. तेथे 2009 पासून काही वर्षे महिलांचा वर्ग पुरुषांच्या राष्ट्रीय व्यावसायिक मालिकेबरोबर धावत होता. ॲशली फिओलेक ही जन्मतः ऐकू न येणारी मुलगी त्याच काळात पुढे आली. इंजिनाचा आवाज तिला ऐकू येत नसल्यामुळे गिअर कधी बदलायचा, हे ती गाडीच्या कंपनांवरून ओळखत असे. ती चार वेळा राष्ट्रीय विजेती झाली आणि होंडा कंपनीच्या अमेरिकेतील स्वतःच्या (फॅक्टरी) संघाने करारबद्ध केलेली पहिली महिला ठरली. पुढे त्या मालिकेतील महिलांच्या फेऱ्या कमी झाल्या, मग तो वर्ग तिथून बाहेरच पडला आणि 2024 मध्ये पुन्हा व्यावसायिक स्पर्धांच्या मैदानावर आला. मधल्या दहाएक वर्षांत तेथे ज्या मुली मोठ्या झाल्या, त्यांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या शेवटच्या मुद्द्याकडे येते. पुरुषांच्या वर्गात उतरावे, असे आपण म्हणता. मोटरसायकलच्या काही प्रकारांत ते घडलेही आहे. स्पेनच्या आना कारास्कोने 2018 मध्ये डांबरी सर्किटवरील सुपरस्पोर्ट 300 या लहान गाड्यांच्या वर्गाचे जागतिक अजिंक्यपद पुरुषांबरोबर धावून जिंकले. तिच्याच देशाची लाया सांझ 2015 च्या डकार या अनेक दिवसांच्या खडतर रॅलीत मोटरसायकल गटात एकूण नववी आली. परंतु मोटोक्रॉसमध्ये स्वार अर्धा तास गाडीवर जवळजवळ उभाच असतो. प्रत्येक उडीनंतर गाडीचा आणि स्वतःचा भार खांदे, मनगटे आणि मांड्यांवर झेलावा लागतो, आणि तेथे शरीराच्या वजनाचा व ताकदीचा फरक सर्किटपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. आपण निपाणीचे, कुस्तीचे मैदान आपल्याला नवे नसणार. सत्तावन्न किलोचा मल्ल सत्त्याण्णव किलोच्या मल्लाशी लढत नाही, म्हणून त्याला कोणी कच्चा म्हणत नाही. वजनगट ही जर सवलत नसेल, तर महिलांचा वर्गही सवलत नाही. खुद्द कारास्कोने पुरुषांना हरवल्यानंतरही, 2024 मध्ये सर्किटवर महिलांची पहिली जागतिक मालिका सुरू झाली तेव्हा तीत भाग घेतला आणि ती जिंकलीही.

कुस्तीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगते. आमच्या भागातील यात्रांच्या मैदानांत मुलींच्या जोड्या लागू लागल्या, तेव्हा त्या ऐन उन्हात, मैदान भरण्यापूर्वीच उरकल्या जात असत. काही गावच्या पंचांनी त्या मोठ्या कुस्त्यांच्या आधी, हलगी तापलेली असताना लावल्या, तेव्हा तीच माणसे जागेवरून उठेनाशी झाली. याच मातीतली, बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव हिने 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या प्रकारात कांस्यपदक आणले, हे आपल्याला आठवत असेलच.

आपली एक बाजू मात्र मला मान्य आहे. पाच स्पर्धकांच्या शर्यतीला ‘अजिंक्यपद’ म्हणू नये. वर्गासाठी किमान वेगाची अट असावी, ती न गाठणाऱ्या मुलींसाठी नवोदितांची शर्यत ठेवावी आणि महिलांच्या शर्यतीची वेळ फेऱ्यांऐवजी मिनिटांवर ठरवावी, म्हणजे आयोजकांचा दिवस कोलमडणार नाही. पण त्या बदल्यात त्यांना सकाळचा पूर्ण सराव आणि मुख्य शर्यतीच्या लगेच आधीची वेळ मिळाली पाहिजे. पुण्यात बालेवाडीला 2024 च्या जानेवारीत सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममध्ये मातीचा ट्रॅक रचून होणाऱ्या मोटोक्रॉसची, नवी लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात चार वर्ग होते, अगदी लहान मुलांचाही होता, पण महिलांचा नव्हता. आपल्याच राज्यातील बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 मध्ये एफआयएमच्या बाहा (वाळवंटी, खडकाळ रानातल्या लांब शर्यतींच्या) विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले असताना ही उणीव मला फार बोचली.

प्रश्न : ताई, माझी सोळा वर्षांची मुलगी शेतातल्या बांधावरून भावाची गाडी उडवत असते आणि आता शर्यतीत उतरायचे म्हणते. मला भीती वाटते. काय करावे? — एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आपली भीती रास्त आहे. या खेळात हाडे मोडतात आणि ते लपवून मी आपल्याला धीर देणार नाही. पण बांधावरून रस्त्यावरची गाडी उडवणे हे ट्रॅकवर शिकण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे, कारण त्या गाडीचे सस्पेन्शन उडीसाठी बनवलेले नसते आणि पडल्यावर उचलायला तेथे कोणी नसते. म्हणून आधी तिचे ते उडवणे थांबवा. मोटोक्रॉसचे हेल्मेट, छाती व पाठीचे कवच, गुडघ्यांची संरक्षक साधने आणि उंच बूट यांची तरतूद होईपर्यंत तिला ट्रॅकवर पाठवू नका. बूट जुने मिळाले तर चालतील, पण हेल्मेट नवेच घ्या, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचा भरवसा बाहेरून पाहून देता येत नाही. शिकवणारा माणूस पहिल्या महिन्यात उडी शिकवू लागला, तर तिला तेथून काढा. आधी उभे राहून तोल सांभाळणे, ब्रेक आणि वळण हे यायला हवे. स्पर्धेत नाव देण्यापूर्वी ती स्पर्धा एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातील मोटर खेळांच्या संघटनेच्या, मान्यतेने होत आहे का आणि मैदानावर रुग्णवाहिका व डॉक्टर असणार आहेत का, हे स्वतः विचारा. आणि मुलींच्या वर्गाला सराव किती वाजता आहे, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. सराव नाही असे उत्तर आले, तर त्या स्पर्धेला तिला उतरवू नका.