खोटं इन्स्टाग्राम अकाउंट आणि “कंपनी माहिती देत नाही” हे उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचं नाव आणि फोटो वापरून कुणीतरी इन्स्टाग्रामवर अकाउंट काढलंय, त्यावरून तिच्या वर्गातल्या पोरापोरींना घाणेरडे मेसेज जातायत, आणि पोलीस ठाण्यात गेलात तर एन.सी. (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि सांगितलं की कंपनी परदेशातली आहे, ती काही माहिती देत नाही, अकाउंट बंद करा आणि विषय सोडा. विषय सोडू नका. अकाउंट बंद करायचंच आहे, पण त्याआधी अर्ध्या तासाचं काम आहे ते उरकून घ्या.

पहिलं म्हणजे ही एन.सी.ची केसच नाही. अशा प्रकरणात साधारण आयटी कायद्याचं कलम ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं) आणि ६६डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं) लागतं, मेसेज अश्लील असतील तर ६७ पण लागतं, तिन्हीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि याच कायद्याच्या ७७बी प्रमाणे हे गुन्हे दखलपात्र आहेत, पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता तपास करता येतो. म्हणजे एफआयआर व्हायलाच हवा. तपासही पोलीस निरीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचाय (कलम ७८), त्यामुळे ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून परत येऊ नका, थेट पीआयना भेटा. तरी नाही घेतला तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली एसपींना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात १७५(३) चा अर्ज करता येतो. मुलगी सज्ञान आहे, म्हणून फिर्याद तिच्याच नावाने द्या.

आता ते “कंपनी माहिती देत नाही”. तुम्हाला किंवा मला कंपनी देणार नाही हे खरंय, वकिलाची नोटीस पाठवली तरी नाही. पण पोलिसांसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत. अधिकृत तपास यंत्रणेने लेखी आदेश दिला, त्यात माहिती कशासाठी हवी ते स्पष्ट लिहिलं, की कंपनीने आपल्याकडे असलेली माहिती ७२ तासांच्या आत द्यायची असते, आणि ज्यांचे भारतात ५० लाखांवर यूजर आहेत त्यांना पोलिसांशी चोवीस तास संपर्कासाठी एक नोडल अधिकारी भारतातच नेमावा लागतो. फक्त हे ७२ तास तुमच्या अर्जापासून मोजत नाहीत, पोलिसांचा आदेश कंपनीला पोचल्यापासून मोजतात. आदेशच गेला नाही तर कंपनी कशाला काय देईल? म्हणून तुमच्या तक्रारीत सरळ एक ओळ टाका की या अकाउंटचा नोंदणीचा मोबाईल नंबर, ईमेल आणि लॉगिनचे आयपी अॅड्रेस (कुठल्या इंटरनेट जोडणीवरून अकाउंट उघडलं त्याचा क्रमांक) कंपनीकडून मागवावेत आणि डेटा राखून ठेवायला सांगावं. पोच घ्या.

आता ते अर्ध्या तासाचं काम. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा, पण त्या लिंकमध्ये यूजरनेमच असतं आणि अकाउंट काढणारा ते कधीही बदलू शकतो, म्हणून सोबत तारीख वेळ पण लिहून ठेवा, आणि ज्या मैत्रिणींना मेसेज आलेत त्यांना सांगा चॅट डिलीट करू नका, ब्लॉक पण आत्ता नको. मेसेजचा मजकूर परदेशातल्या सर्व्हरवरून मागवायचा तर फार लांबचा रस्ता आहे, पण तोच मजकूर त्या पोरींच्या फोनमध्ये पडलेला आहे, त्यांचे जबाब आणि फोन हाच तुमचा भक्कम पुरावा. कोर्टात त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल, ते वेळेवर बघता येईल.

हे झालं की सरकारच्या cybercrime पोर्टलवर तक्रार टाका आणि इन्स्टाग्रामला रिपोर्ट करा. दुसऱ्याच्या नावाने काढलेल्या अकाउंटवर २४ तासांत कारवाई करा असं २०२१ चे नियम सांगत होते, नंतर ती मुदत आणखी कमी केलीय. अकाउंट गेलं म्हणजे पुरावा गेला असं नाही, तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीला १८० दिवस जपाव्या लागतात, आणि खोटं अकाउंट काढणाऱ्यानेच ते बंद केलं तरी नोंदणीची माहिती तेवढेच दिवस ठेवावी लागते. पण अकाउंट गेल्यापासूनचे १८० दिवस म्हणजे सहाच महिने, ते एन.सी.मध्ये घालवू नका.

अजून एक, इथे बऱ्याच केसेस अडकतात. मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी अॅड्रेस एका वेळी शेकडो लोक वापरत असतात, त्यामुळे आयपी सोबत पोर्ट नंबर (त्या शेकडोंतली नेमकी जोडणी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ मिळाली तरच टेलिकॉम कंपनी नेमका ग्राहक सांगू शकते, आणि इन्स्टाग्रामने दिलेली वेळ बहुतेकदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. तपास अधिकाऱ्याला हे नम्रपणे विचारा, त्यांना राग येणार नाही. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं बीएनएसएस १९३ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारकच आहे.

मुलीला ज्या मुलाचा संशय आहे त्याच्या घरी जाऊ का असं विचारलंत. अजिबात जाऊ नका, फोन पण करू नका, आणि पैसे घेऊन नाव काढून देतो म्हणणाऱ्या कुठल्या हॅकरच्या नादी तर लागूच नका. त्याला सुगावा लागला की फोन फॉरमॅट होईल आणि सिमकार्ड गटारात जाईल. त्याचं नाव संशयित म्हणून जबाबात लिहून द्या, संशय का आहे ते पण लिहा, बाकी तो फोन जप्त करायचं काम पोलिसांना करू द्या.