वाचकांचे प्रश्न : शाखेची वही आणि सभासदांची यादी

प्रश्न : रोझा पार्क्स दिवसभराच्या कामाने थकल्या होत्या, म्हणून बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, असं आम्ही शाळेत शिकलो. आता कळतं की त्या आधीपासूनच एका संघटनेच्या शाखेत होत्या. ही शाखा करायची काय?

उत्तर : थकव्याची ती गोष्ट पाठ्यपुस्तकांतून जायला हवी. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून कृष्णवर्णीय पार्क्स यांना अटक झाली 1 डिसेंबर 1955 रोजी. पण 1943 सालीच त्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ म्हणजे एनएएसीपी या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस झाल्या होत्या. 1909 साली स्थापन झालेल्या या संघटनेचं मुख्यालय तेव्हा न्यूयॉर्कला होतं. गावोगावच्या शाखा सभासदांच्या वर्गणीवर चालत.

चिटणिसाचं काम म्हणजे मुख्यतः लिहिणं. सभांची इतिवृत्तं, मुख्यालयाशी पत्रव्यवहार आणि मारहाण, बलात्कार, मतदानास नकार अशा प्रकरणांच्या नोंदी. तारीख, ठिकाण आणि तक्रारदाराचं नाव नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही. नाव द्यायला मात्र लोक घाबरत, कारण नोकरी, भाड्याचं घर आणि कर्ज हे सगळं गोऱ्यांच्या हातात होतं. अनेक प्रकरणं तिथेच थांबायची.

मतदारनोंदणीचं उदाहरण घ्या. अलाबामात कृष्णवर्णीयांना लेखी परीक्षा द्यावी लागे आणि नापास का झालात ते कुणी सांगत नसे. पार्क्स दोनदा परत पाठवल्या गेल्या. तिसऱ्यांदा, 1945 साली, त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या कागदावर हाताने उतरवून घेतलं, म्हणजे पुन्हा नकार आला तर कोर्टात पुरावा हाताशी राहील. या वेळी नोंदणी झाली. मग मतदान कर भरायचा होता : वर्षाला दीड डॉलर, तोही वयाच्या एकविसाव्या वर्षापासूनचा थकीत धरून. अकरा वर्षांचे साडेसोळा डॉलर त्यांनी भरले. शाखेचे पुढारी ई. डी. निक्सन रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांतले पोर्टर होते, कामगार संघटनेत मुरलेले. लोकांना नोंदणीला उभं करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं रेटलं.

प्रश्न : पार्क्स यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला याच कारणावरून अटक झाली होती. तिचा खटला का लढवला नाही?

उत्तर : तिचं वय आणि लोक काय म्हणतील, हे विचार पुढाऱ्यांच्या मनात होतेच, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका व्हायलाच हवी. पण एक कायदेशीर अडचणही होती. तिच्यावर तीन आरोप होते. अपिलात न्यायाधीशांनी बसमधल्या वेगळ्या जागांचा कायदा मोडल्याचा आरोप काढून टाकला आणि पोलिसावर हात उचलल्याचा तेवढा ठेवला. त्यामुळे त्या खटल्यातून वर्णभेदाच्या कायद्यालाच आव्हान देण्याची वाट बंद झाली.

पार्क्स यांचं अपीलही राज्याच्या कोर्टांत अडकण्याची भीती होती. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी 1 फेब्रुवारी 1956 रोजी बसमधल्या वेगळ्या जागांच्या कायद्याविरुद्ध थेट केंद्रीय न्यायालयात वेगळा दावा लावला आणि त्यात कोल्विन फिर्यादी होती. सुरुवातीच्या पाच महिलांपैकी एकीने दबावाखाली माघार घेतली. लगेच ग्रे यांच्यावरच ‘अशिलाच्या संमतीशिवाय दावा लावला’ असा आरोप ठेवण्यात आला. अशा कामात अशिलाची सही असलेला कागद जपून ठेवणं किती मोलाचं, ते इथे दिसतं. हाच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला आणि पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी सुरू केलेला 381 दिवसांचा बस बहिष्कार संपला.

प्रश्न : संघटनेचं काम उघड होतं, तर सभासदांची नावं सरकारला द्यायला नकार का?

उत्तर : कारण ती यादी हाती पडली असती तर कुणाला कामावरून काढायचं, हे शोधावं लागलं नसतं. दक्षिण कॅरोलायनाने 1956 साली सरकारी कर्मचाऱ्यांना एनएएसीपीचं सभासदत्वच बंद केलं. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने सभासदत्व सोडायला नकार दिला आणि नोकरी गमावली.

त्याच वर्षी 1 जूनला अलाबामाच्या महाधिवक्त्याने कोर्टाकडून संघटनेच्या कामावर बंदी मिळवली आणि पुढे कागदपत्रांसह याद्या मागितल्या. संघटनेने पदाधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची नावं देऊ केली, साध्या सभासदांची मात्र नाही. ही सीमारेषा फार विचाराने आखलेली होती : जे जाहीरपणे पुढे आलेत त्यांचीच नावं जाहीर. दंड झाला 10,000 डॉलर, पाच दिवसांत यादी न दिल्याने 1,00,000. 30 जून 1958 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात ही गुप्तताही येते. तरीही राज्याने अडवणूक चालूच ठेवली. प्रकरण चार वेळा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1964 मध्ये बंदी उठली. तोवर तिथल्या शाखा उघडपणे चालू शकल्या नाहीत.

अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये मात्र बंदीनंतर चौथ्याच दिवशी, 5 जून 1956 रोजी, पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांनी दुसऱ्या नावाने नवी संघटना उभी केली.